वेणीच्या सीनला बाहेर बसणारी भिकुबाई

आमच्या जळगावात तेव्हा एका टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी होती. मधे जाड कापडाचा पडदा असायचा. खेळ सुरू होऊन अंधार झाला की तो सरकवायचा आणि दिवे लागायच्या आत पुन्हा ओढायचा. बायकांच्या दाराला पुरुष डोअरकीपर चालत नसे. तिथे भिकुबाई होती.

भिकुबाई अंगाने वाळकी आणि उंच, कपाळ मोकळं, कमरेला बॅटरी खोचलेली. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी तिला देवाकडे भीक मागून घेतलं आणि नावही तेच ठेवलं. नवरा त्याच टॉकीजची पोस्टरं चिकटवायचा. तो तापाने गेला तेव्हा मालकांनी तिला दाराशी उभं केलं. मूलबाळ नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला तिची एक खोली होती, दारात तुळस. सकाळी तुळशीला पाणी घालताना ती मुक्ताईचं नाव घ्यायची आणि म्हणायची, आजना दिन सुखना जाऊ दे. मी माझ्या ओट्यावरून रोज ऐकायची. त्यापलीकडे देवाकडे तिने काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

बायका सिनेमाला यायच्या त्या कडेवर पोर घेऊनच. घरी ठेवायचं कोणाजवळ? आणि पोरं अंधारात गेली की रडायची. मग पलीकडच्या बाजूने पुरुष ओरडायचे, बाई चूप करा त्याला. भिकुबाईने यावर आपला उपाय काढला होता. दाराबाहेरच्या व्हरांड्यात लोखंडी गज होते. त्यांना तिने जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. पोर आणा, झोळीत टाका, निवांत सिनेमा पाहा. ज्याची त्याची झोळी ठरलेली. रडलं तर ती हलवायची, फारच रडलं तर खांद्यावर घेऊन येरझारा घालायची. याचे तिला कोणी वेगळे काही देत नसे आणि तिनेही कधी विचारलं नाही.

अडुसष्ट साल असेल, थंडीचे दिवस. त्या टॉकीजला एक सिनेमा लागला. त्याचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. बायका त्याला वेणीचा सिनेमा म्हणायच्या.

गोष्ट साधी होती. नवरा शाळामास्तर, मुखदुर्बळ, आईच्या धाकातला. बायकोशी सरळ दोन शब्द बोलत नाही. सिनेमा संपायला थोडा वेळ उरलेला असताना बायकोचा हात तेलाने भाजतो. हाताला पट्टी, केस मोकळे सुटलेले, ती मागच्या दारात बसलेली. एका हाताने वेणी घालायला बघते, जमत नाही. नवरा शाळेतून येतो, पिशवी खाली ठेवतो, तिच्या मागे बसतो आणि फणी घेतो. बस. गाणं नाही, बोलणं नाही. गुंता आला की तो केसांचं मूळ मुठीत धरतो, म्हणजे तिला ओढ लागू नये. वेणी वाकडी होते, सुटते, तो पुन्हा घालतो. इतक्यात घरातून त्याच्या आईच्या खोकल्याचा आवाज येतो, जवळ जवळ येतो. बायको घाबरून उठायला लागते. तो तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि वेणी घालत राहतो. उठत नाही.

एवढ्यासाठी अख्खं गाव लोटलं होतं. आमच्या गल्लीतल्या बायका नळावर दुसरं काही बोलत नसत. एकीला तो केसांचं मूळ धरतो ते आवडायचं. ती म्हणायची, हे कोणी शिकवून येत नाही, ज्याला दुसऱ्याचं दुखतं त्यालाच सुचतं. दुसरी म्हणे, वेणी वाकडी झाली तेच खरं, सरळ झाली असती तर नाटक वाटलं असतं. कोणी म्हणे तिची पाठ पाहा, तोंड दिसत नाही पण पाठ हसते. आणि तो उठत नाही, ते सगळ्यांनाच. आमच्याकडे घरात मोठं माणूस असताना नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे. पाणी हवं असलं तर भिंतीकडे बघून मागायचा. त्या बायकांना हे केवढं वाटलं असेल ते आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. मी स्वतः देवधर्म करणारी बाई, पण त्या सीनला मला देवळात बसल्यासारखं वाटायचं, हे खोटं नाही.

यात सगळ्यांत पुढे लाडकुंवरबाई. कापडवाले झुंबरलाल यांची ही बायको, मूळची मारवाडची, जैन. घरात तिचा शब्द म्हणजे कुलूप. सून कुसुमलता तिच्यासमोर डोळा वर करत नसे. सिनेमा म्हणजे पाप असं म्हणणारी ही बाई, कोणीतरी ओढून नेलं म्हणून एकदा गेली आणि मग दर आठवड्याला दुपारच्या खेळाला सुनेला घेऊन यायला लागली. सूर्य बुडायच्या आत जेवायचा त्यांचा नियम. म्हणून सिनेमा संपेपर्यंत ती थांबत नसे. वेणीचा सीन झाला की डोळे पुसायची, ओढणी सारखी करायची आणि सुनेला घेऊन निघायची. पुढे काय होतं ते तिला माहीतच नव्हतं. ती म्हणायची, पुढचं पाहून करायचं काय.

कुसुमलताचं पोर भिकुबाईच्या झोळीत असायचं. आधीची दोन जगली नव्हती. म्हणून या तिसऱ्याचं नाव कचरू ठेवलं, आणि रीतीप्रमाणे त्याच्या अंगावर दुकानातलं नवं कापड घातलं नाही. लाडकुंवरबाईने पाच घरी पदर पसरून चिंध्या मागितल्या आणि त्यांची झबली-टोपडी शिवली. आमच्या घरातून मी हिरव्या पानांचं छीट दिलं होतं. कंट्रोलच्या दुकानात त्या वर्षी तेच एक छीट आलं होतं. हमालापासून कारकुनापर्यंत सगळ्यांची पोरं त्याच कापडात. वरून कपाळभर काजळ, म्हणजे पोर श्रीमंताचं वाटू नये आणि दृष्ट लागू नये.

भिकुबाईचा त्या पोरावर जीव. त्याला झोळीत टाकताना म्हणायची, तू कचरा, मी भीक, आपण एकाच घरचे.

आणि गंमत अशी की वेणीचा सीन भिकुबाईने एकदाही पाहिला नव्हता. तो सुरू व्हायची वेळ झाली की ती आत यायची, बॅटरी खाली धरून ज्यांच्या मांडीवर अजून पोरं असतील ती उचलायची आणि बाहेर न्यायची. त्या वेळी आत एकही पोर रडू नये असा तिचा नेम. मी एकदा म्हटलं, भिकुबाई, तुम्ही दारातून तरी बघा. तर म्हणाली, "अक्का, माले बाहेर कळस ना. आतून काहीच आवाज येत नाही. इतक्या बाया, आणि कोणी खोकत पण नाही. मी समजी जास, आता तो फणी फिरवी राह्यना." आणि हसली.

त्या दिवशी मी लाडकुंवरबाईच्या पलीकडेच बसले होते. सीन सुरू झाला. नेहमीसारखी शांतता. खोकला झाला, तो उठला नाही, आणि बायकांचा एकदम श्वास सुटल्यासारखा आवाज आला. आमच्या मागच्या रांगेतून एक तरुण बाई पदराने डोळे पुसत उठली आणि निघाली. तिचं नाव चमेलीबाई हे मला मागून कळलं. नवरा धुळ्याला गिरणीत, ती बाळंतपणाला माहेरी आली होती, ते पाच-सहा महिने राहून आज परत निघाली होती. धुळ्याची गाडी गाठायची होती, पण भावजयीने सांगितलं होतं की वेणीचा सीन पाहिल्याशिवाय जाऊ नको. गाठोडं भिकुबाईपाशी, पोरगी झोळीत, आणि ही आत.

लाडकुंवरबाई थोडी बसली. डोळे पुसले, ओढणी सारखी केली, सुनेला कोपर लावलं. त्या दोघी बाहेर गेल्या आणि लगेच कुसुमलताचा आवाज आला. किंकाळी नव्हती. ती फक्त म्हणाली, "हा कचरू नाही." मी उठून बाहेर गेले.

व्हरांड्यात भिकुबाई उभी होती. खांद्यावर हिरव्या पानांच्या छिटातलं, कपाळभर काजळाचं पोर. ती मुलगी होती. झोळ्या हलत होत्या आणि कचरूची जागा रिकामी होती.

झालं होतं असं. सीनच्या वेळी कचरूने झोळी ओली केली. चमेलीबाईची पोर रडत होती म्हणून ती भिकुबाईच्या खांद्यावर, तिची झोळी मोकळी. भिकुबाईने कचरूला कोरडं करून त्या मोकळ्या झोळीत टाकलं आणि पोरीला घेऊन व्हरांड्याच्या पार टोकापर्यंत फेरी मारायला गेली. तेवढ्यात चमेलीबाई आली. आपल्या झोळीत आपलं छीट, आपलं काजळ. तिन्हीसांज होत आलेली, थंडी, चौकातून जायचं. अशा वेळी आमच्याकडे पोराचं तोंड उघडं ठेवत नाहीत. तिने झोपलेलं पोर उचललं, पदराखाली घेतलं, तोंड झाकलं, गाठोडं उचललं आणि निघाली. भिकुबाई परत आली, झोळी रिकामी दिसली, तिला वाटलं कुसुमलताने कचरूला आत नेलं असेल. ती कधी कधी न्यायची.

भिकुबाईने तिला ठाऊक होतं तेवढं दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाली, धुळानी गाडी. मग ती पळालीच. खांद्यावर ते पोर, कमरेला बॅटरी. आम्ही मागून. नाक्यावर टांगा मिळाला. लाडकुंवरबाई कधी परक्याच्या शेजारी टांग्यात बसली नव्हती, ती भिकुबाईच्या मांडीला मांडी लावून बसली.

स्टँडवर गेलो तर धुळ्याची गाडी नुकतीच सुटलेली. कंट्रोलरने एरंडोलला फोन लावून पाहिला, लागला नाही. मालेगावची गाडी उभी होती, ती त्याच रस्त्याने जाणार होती. आम्ही चौघी चढलो.

गाडीत कुसुमलता खिडकीशी, हात मांडीत रिकामे. लाडकुंवरबाईचे ओठ हलत होते, नवकार म्हणत असावी. मी मनातल्या मनात मुक्ताईला म्हणत होते, तू त्याला पाहिलं आहेस, तूच सांभाळ. भिकुबाई बसलीच नाही. ड्रायव्हरमागच्या दांडीला धरून उभी, डोळे पुढच्या रस्त्यावर, जणू गाडी दिसली की उडीच मारणार. एकदा लाडकुंवरबाई तिच्या पाठीकडे बघून म्हणाली, "दोन गेले माझे. हा तिसरा." भिकुबाईने मागे पाहिलं नाही. तिने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं एवढंच.

पाळधी आली. तिथे उतरलेलं कोणी नव्हतं. गाडी पुढे निघाली आणि पोरगी भुकेने रडायला लागली. भिकुबाईने बोट दिलं, थोपटलं, काही केल्या राहीना. गाडीतली माणसं वळून बघायला लागली. कुसुमलताची चोळी ओली झालेली मला दिसत होती. तिने पोरीकडे पाहिलं, मग सासूकडे. त्या घरात दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा विचारून प्यायचं असे. पोर कोणाचं, कुठल्या जातीचं, कोणाला माहीत. लाडकुंवरबाईने बराच वेळ समोर पाहिलं.

"बघत काय बसलीस," ती म्हणाली. "पाज तिला."

पोरगी पिताना गप्प झाली तशी गाडीतली चुळबूळही थांबली.

एरंडोलला गाडी वळली तेव्हा दिवे लागले होते. स्टँडच्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर हिरव्या पानांचं छीट. भिकुबाई गाडी थांबायच्या आत उतरली.

चमेलीबाईची हकीकत तिच्याच तोंडून कळली. पाळधी मागे पडली आणि मांडी ओली झाली म्हणून तिने पदर बाजूला केला. ती ओरडली, "मन्ही पोरना पोऱ्या कसा व्हयना?" गाडीतली माणसं आधी हसली. शेजारच्या म्हाताऱ्याला तर वाटलं बाईला दृष्ट लागली. मग एकाने टोमणा मारला की बाई, नशीबवान आहेस, पोरगी देऊन पोरगा मिळाला, आता चूप बस आणि घरी जा. चमेलीबाईने त्याला सांगितलं, "माले मन्ही पोरच पाहिजे." कंडक्टर शहाणा माणूस होता. तो म्हणाला, बाई, परत जाऊ नको, ते तुला शोधत याच रस्त्याने येतील, तू जळगावला गेलीस तर चुकामूक होईल. एरंडोलला उतर आणि बाकावर बस, हलू नको. धुळ्याला तुझ्या माणसाला मी निरोप देतो. ती बसली. एकवीरेचा नवस बोलली. पोर रडलं तेव्हा तिने त्याला पदराखाली घेतलं.

दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. आधी कोणी द्यायचं ते कळेना. मग भिकुबाईने दोन्ही हात पुढे केले, एका हाताने हे घेतलं, दुसऱ्याने ते, आणि बदलून दिलं. रोज ती झोळीतून काढून देते तसं.

चमेलीबाई म्हणाली, "त्यानं पोट भरेल शे."

कुसुमलता म्हणाली, "हिचंपण."

आणि दोघी रडायला लागल्या. लाडकुंवरबाई तिथेच बाकावर बसली आणि तिने नातू मांडीवर घेतला. मी देवाचं नाव घेतलं. पोरं दोन्ही झोपली होती, त्यांना काय.

कोणीतरी चहा आणला. लाडकुंवरबाईने सूर्य बुडाला म्हणून घेतला नाही, पण बाकीच्यांना आग्रह करकरून पाजला. भिकुबाई लांब खांबाला टेकून उभी होती. लाडकुंवरबाई चमेलीबाईला काय बोलणार याची मला धास्ती होती. तिने विचारलं, तुला उचलताना काहीच कसं दिसलं नाही?

चमेलीबाई खाली मान घालून म्हणाली, "दिसस ते दिसस, पन डोयासमोर ती फणीच व्हती."

लाडकुंवरबाई तिच्या शेजारी सरकली. मग म्हणाली की मीसुद्धा तिथे बसून राहिले, लवकर उठले असते तर तू भेटली असतीस. आणि मग जे सुरू झालं त्यावर विश्वास बसणार नाही. एरंडोलच्या स्टँडवर, मांडीवर नातू घेऊन, ही बाई त्या पोरीशी वेणीच्या सीनवर बोलायला लागली. खांद्यावर हात ठेवतो तो डावा का उजवा. चमेलीबाई म्हणाली उजवा, ही म्हणाली उजव्यात तर फणी आहे. कुसुमलताने, जी सासूसमोर तोंड उघडत नसे, सांगितलं की फणी तो दातात धरतो. सासू तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, बरोबर. आम्ही सगळ्या हसलो.

चमेलीबाईला पुढच्या गाडीत बसवलं. गाडी सुटताना तिने पोरीचं तोंड उघडं करून खिडकीतून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी भिकुबाई मालकांकडे बॅटरी परत द्यायला गेली. मालकांनी घेतली नाही. दाराला राहा म्हणाले, फक्त झोळ्या नकोत. झुंबरलालनेही घरी फर्मान काढलं की आता सिनेमा बंद. पुढच्या आठवड्याच्या खेळाला झोळ्या नव्हत्या. पोरं आत. वेणीचा सीन आला आणि एक रडलं, मग दुसरं, मग पुरुषांच्या बाजूने ओरडा. खोकला कोणाला ऐकूच आला नाही. तो का उठत नाही ते नव्याने आलेल्या बायकांना कळलं नाही. भिकुबाई दाराशी मान खाली घालून उभी होती.

हे लाडकुंवरबाईच्या कानावर कोणी घातलं ते मी सांगत नाही. झुंबरलालच्या फर्मानाचं घरात काय झालं तेही मला माहीत नाही. त्या पुढच्या खेळाला ती आली ती कापडाच्या काठांच्या चिंध्यांची पिशवी घेऊन. लाल, पिवळ्या, निळ्या, जांभळ्या. मालकांना म्हणाली, झोळ्या बांधा. मग दाराशी बसली आणि येणाऱ्या प्रत्येक पोराच्या मनगटाला एक चिंधी आणि आईच्या मनगटाला तिचाच दुसरा तुकडा बांधायला लागली. बायकांना मजा वाटली. जिला पोर नव्हतं तीही म्हणे, मला पण बांधा.

सीन जवळ आला तसा भिकुबाईने बॅटरी काढली. लाडकुंवरबाईने ती तिच्या हातातून घेतली आणि आत बस म्हणाली. भिकुबाई म्हणाली, नको, मी बाहेरच बरी शे. लाडकुंवरबाईने ऐकलं नाही. दंडाला धरून तिला आत आणलं, माझ्या शेजारी आपल्याच जागेवर बसवलं आणि स्वतः व्हरांड्यात गेली.

भिकुबाईला नीट बसता येईना. खुर्चीच्या टोकावर, पाठ ताठ. मास्तर आला, पिशवी ठेवली, फणी घेतली. तिने केसांचं मूळ धरताना पाहिलं आणि तिचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला. सगळीकडे शांत. मग खोकला. आणि नेमकं तेव्हाच बाहेर एक पोर रडलं.

भिकुबाई उठली. सवयच ती. पदर खोचत अर्धी उभी राहिली होती, तेवढ्यात दाराच्या पडद्यातून लाडकुंवरबाईचा दबका आवाज आला.

"भिकू, उठ मती, उठू नको. मैं बैठी हूं."

भिकुबाई खाली बसली. पडद्यावर त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला होता. बाहेरचं पोर गप्प झालं. भिकुबाईने खुर्चीला पाठ टेकली, आणि सीन संपेपर्यंत मग ती हलली नाही.